पटावरील खेळांच्या माहितीसंचयासाठी मध्यस्थ सेवा : रचना व मर्यादा

प्रस्तावना :
सांगली हे बुद्धिबळाचे गाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. भाऊसाहेब पडसलगीकर व नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी तेथे स्पर्धांची परंपरा रुजविली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच शहराच्या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाई येथे, मराठी विश्वकोशाच्या संपादनाचे कार्य झाले. खेळाची आवड आणि माहितीची शिस्तशीर मांडणी या दोन्ही गोष्टी ज्या परिसरात रुजल्या, तेथील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी पटावरील खेळांचा विषय निवडल्यास त्यात नवल नाही. असा विद्यार्थी लवकरच 'बोर्डगेमगीक' या माहितीसंचयापाशी येऊन पोहोचतो आणि तेथेच अडखळतो.

मूळ सेवेचे स्वरूप :
स्कॉट आल्डेन व डर्क सोल्को यांनी २००० साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर प्रत्येक खेळास एक क्रमांक दिलेला असतो. उदाहरणार्थ, क्लाउस टॉयबर यांच्या 'कॅटान' या १९९५ च्या खेळाचा क्रमांक १३ आहे. एपीआय, म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याची ठरलेली रीत, येथे उपलब्ध आहे. परंतु उत्तर एक्सएमएल स्वरूपात मिळते. आजचे बहुतेक कार्यक्रम जेसन या सुटसुटीत स्वरूपाची अपेक्षा करतात. शिवाय अन्य संकेतस्थळावरील पानाला ही माहिती थेट वाचू देण्याची परवानगी मूळ सेवा ब्राउझरला देत नाही. त्यामुळे दोहोंच्या मध्ये एक सेवा उभी करावी लागते. तिलाच प्रॉक्सी किंवा मध्यस्थ सेवा म्हणतात.

रूपांतरातील अडचणी :
एक्सएमएलचे जेसन करणे वरवर यांत्रिक वाटते, पण खरी मेख येथेच आहे. एखाद्या खेळास एकच नाव असेल तर सर्वसाधारण रूपांतरक त्याची एकेरी नोंद करतो. चार नावे असतील तर त्यांची यादी करतो. परिणामी एका खेळासाठी चालणारा कार्यक्रम दुसऱ्यासाठी कोसळतो. नाव एक असो वा दहा, मध्यस्थाने नेहमी यादीच द्यावी.

वर्षाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. 'गो' या प्राचीन खेळाचे वर्ष तेथे उणे २२०० असे नोंदलेले आहे, म्हणजे इसवी सनापूर्वीचे. 'वर्ष धन संख्याच असावे' असा नियम उत्साहाने घातला तर हा खेळ यादीतूनच गळतो. बुद्धिबळापुढे १४७५ हे वर्ष आढळते. ते आधुनिक युरोपीय नियमांच्या उदयाचे द्योतक आहे, चतुरंगाच्या जन्माचे नव्हे. सांगलीच्या वाचकास ते खटकेल, हे स्वाभाविक आहे. तथापि मध्यस्थाने ते परस्पर 'दुरुस्त' करणे हा अनधिकार ठरेल. आकडा जसाच्या तसा पुढे द्यावा आणि खुलासा वेगळ्या रकान्यात करावा.

भार व संयम :
मूळ सेवेवर किती भार टाकावा, यास मर्यादा आहेत. एका मागणीत वीसच क्रमांक पाठविता येतात आणि घाईघाईने मागण्या केल्यास नकार मिळतो. प्रयोगशाळेत साठ विद्यार्थ्यांनी एकाच वेळी तेच पान उघडले, तर मध्यस्थाने मूळ सेवेकडे एकच मागणी पाठवून उत्तर साठांना वाटावे. खेळाचा तपशील क्वचितच बदलतो, म्हणून तो दिवसभर साठवून ठेवण्यास हरकत नाही.

एखाद्या सदस्याच्या संग्रहाची यादी मागितल्यास मात्र बहुधा प्रथम २०२ हा संकेत येतो. 'मागणी स्वीकारली, यादी तयार होत आहे, थोड्या वेळाने पुन्हा विचारा', असा त्याचा आशय असतो. हे यश नव्हे व अपयशही नव्हे. मध्यस्थाने वाढत्या अंतराने पुन्हा विचारावे आणि ठरावीक प्रयत्नांनंतर स्पष्ट शब्दांत नकार कळवावा. २०२ चे उत्तर चुकून साठवले गेले, तर शंभर खेळ बाळगणाऱ्या सदस्याचा संग्रह दिवसभर सर्वांना रिकामा दिसत राहील. अशी चूक शोधणेही कठीण, कारण कोठेही त्रुटीची नोंद होत नाही.

अधिकाराचा प्रश्न :
दीर्घकाळ ही माहिती कोणासही विनानोंदणी मागता येत असे. २०२५ साली बोर्डगेमगीकने नोंदणी व अधिकृत टोकन आवश्यक केले. त्यामुळे मध्यस्थाची जबाबदारी वाढली आहे. टोकन सर्व्हरवरच राहिले पाहिजे. पानाच्या संहितेत ते लिहिल्यास कोणीही वाचू शकतो. पण केवळ लपविणे पुरेसे नाही. कोणतीही मागणी निमूटपणे पुढे धाडणारा मध्यस्थ आपला अधिकार साऱ्या जगाला उसना देत असतो. म्हणून प्रकल्पास लागतील तेवढेच मार्ग उघडे ठेवावेत आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या मागण्यांवर मर्यादा घालावी.

स्थानिक नावे :
सातारा-सांगलीकडील घरांतून कवड्या टाकून खेळला जाणारा सोंगट्यांचा पट या संचयात 'पचीसी' या नावाखाली शोधावा लागतो. कोशात जसे 'पहा' असे लिहून वाचकास मुख्य नोंदीकडे नेतात, तसेच काम मध्यस्थ करू शकतो : 'सोंगट्या' किंवा 'सारीपाट' असा शोध आल्यास तो मूळ क्रमांकाशी जोडावा. मात्र सोंगट्या, चौसर व पचीसी यांच्या नियमांत घराघरांत आणि गावागावांत भेद आहेत. सर्व नावे एकाच क्रमांकावर डोळे झाकून लादली तर ते भेद पुसले जातील. म्हणून मराठी नाव स्वतंत्र रकान्यात ठेवावे, ते मूळ संचयातील नसून प्रकल्पाने जोडलेले आहे हे नमूद करावे, आणि ते कोणत्या गावी, कोणत्या नियमांसह ऐकले याची नोंद त्याच रकान्यालगत करावी.