कामाची हमी (लेखांक ४) : पगारातले दोनशे रुपये

महाराष्ट्रात बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. ही कपात १९७५ पासूनची, आणि ती सुरू झाली ती रोजगार हमी योजनेसाठी.

मागच्या आठवड्यात १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं आपण पाहिली. ती सरकारच्या मर्जीची. पाऊस पडला की बंद. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांचा आग्रह याहून वेगळा होता : दुष्काळ असो-नसो, मागेल त्याला काम. विधान परिषदेच्या सभापतिपदी असताना, १९६५ मध्ये, त्यांनी आपल्याच भागात तसा प्रयोगही करवून घेतला. पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता किती? रोजचा किमान एक रुपया.

शहरांनी कर भरायचा, तेवढीच भर सरकारने घालायची, मजुरी खेड्यात वाटायची. बागायतदारांनीही याला फारशी आडकाठी केली नाही, कारण पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती जमीनवाल्यांच्याच उपयोगाची. तलावाचं पाणी ज्याच्या विहिरीला उतरलं तो, आणि ज्या बाईने त्यासाठी माती वाहिली ती, यांची घरं सहसा वेगळी. योजना टिकली याचं बरंचसं श्रेय मी या सोयीला देतो. पाग्यांच्या तळमळीला त्यानंतर.

१९८८ मध्ये मात्र रोहयोची मजुरी किमान वेतनाबरोबर जवळपास दुप्पट झाली. मजूर वाढायला हवे होते, पण हजेरी घटली. कामंच कमी निघाली. त्यासाठी कायद्याला हात लावावा लागला नाही; मस्टर (मजुरांचा हजेरीपट) निघालं नाही, की झालं. कर मात्र जमा होत राहिला आणि वर्षानुवर्षं त्यातला मोठा भाग या कामांवर खर्च झालाच नाही.

खरी मेख आहे अर्जाच्या पोचपावतीत. १५ दिवस मोजायचे ते तारखेच्या पावतीवरून. ती हातात नसेल तर मुदत सुरूच होत नाही, आणि भत्त्याचा हक्कही सिद्ध होत नाही. ‘काम निघालं की कळवू’ एवढं तोंडी सांगून मजुराला परत पाठवता येतं. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने पावती बंधनकारक केली आणि भत्ताही वाढवला : पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर किमान निम्मा. पण मजुरी केंद्राच्या तिजोरीतून, भत्ता राज्याच्या. राज्यांनी झटपट कामं काढावीत म्हणून ही विभागणी होती. प्रत्यक्षात पावती टाळणं त्याहून स्वस्त पडलं. भत्ता देशभरात फार थोड्यांना मिळाला, याचं मोठं कारण हेच.

पुढच्या आठवड्यात : खोदलेल्या मातीचं माप कोण घेतं आणि कसं.