शाळेच्या परसातली भाजी

मुलांनी भाजी खावी म्हणून उपदेशाचा, आर्जवाचा आणि प्रसंगी धाकदपटशाचा जो प्रयोग घरोघर दोन्ही वेळा ताटाशी चालतो, त्याचे फलित बहुधा एवढेच निघते की, भाजी ही सक्तीने गिळावयाची वस्तू आहे अशी मुलाची खात्री पटते. वस्तुतः अनोळखी आणि त्यातही कडवट चवीविषयी लहान वयात वाटणारा संशय हा हट्ट नसून निसर्गदत्त सावधपणा आहे. रानातल्या पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात हे ध्यानी घेतले, म्हणजे कारले दूर सारणाऱ्या बालकाविषयी थोडा आदरच वाटू लागतो. हा संशय युक्तिवादाने जात नाही, परिचयाने जातो. आणि परिचयाचा आरंभ ताटापेक्षा वाफ्यात झालेला बरा.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगांची जी यादी केली, तीत सूतकताईच्या जोडीस फळे व भाजीपाला यांची बागाईतही होती. पुढे उद्योगातून शिकवण्याची ही ‘नई तालीम’ मागे पडली. आणि 2019 साली केंद्र सरकारने शालेय परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा तीच कल्पना परिपत्रकाच्या वेशात परत आली.

आपल्याकडे बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात, म्हणजे पाऊस आणि पोरे एकदमच येतात. मेथीची घाई मात्र करू नये, कारण मुसळधार पावसात ती कुजते. पावसाळ्यास चवळी, भेंडी, दोडका हेच खरे सोबती. भेंडीला साधारण दीड महिन्यात फूल येते: फिकट पिवळे, गाभ्याशी गर्द तांबडे, सकाळी उमलून त्याच दिवशी मिटणारे. त्यानंतर पाच-सहा दिवसांत शेंग तोडण्याजोगी होते, आणि शनिवारी कोवळी म्हणून राखलेली भेंडी, मध्ये रविवार पडल्यामुळे, सोमवारी जून होऊन बसते. शेंडा काडकन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून, ही परीक्षा मुले एका दिवसात शिकतात. आणि जिची परीक्षा आपण घेतली ती भेंडी खिचडीत सापडली की तिच्यावर मालकी सांगितल्यावाचून त्यांना राहवत नाही. झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा तांबड्या भोपळ्याचे नरफूल सकाळीच खुडून, पाकळ्या सोलून, त्यातले पराग मादीफुलाला मुलांनी स्वहस्ते लावावे. पुस्तकातला परागीभवनाचा धडा त्यानंतर फारसा समजावून सांगावा लागत नाही.

या बागेतून आहाराचा खर्च भागेल, असा हिशेब मांडणारांनी जरा आकडे पाहावेत. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, उच्च प्राथमिक वर्गात 75 ग्रॅम. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेस म्हणजे रोज तीन किलो. शाळेमागच्या चार वाफ्यांतून ती निघणे नाही, आणि तो त्या वाफ्यांचा उद्देशही नव्हे. उलट, बागेला बक्षीस मिळावे म्हणून शिपायाकरवी ती राबवून घेणे आणि मुलांना तपासणीपुरते हाती झारी देऊन उभे करणे, यासारखा घात दुसरा नाही. वाफा वाकडा झाला तरी चालेल, पण तो मुलांनीच काढावा; आणि निघालेली भाजी, मूठभर का होईना, त्याच दिवशी शाळेच्या पातेल्यात पडावी.

खरी अडचण सुट्ट्यांची. हात धुण्याच्या पाण्यावर अळू आपले आपण वाढते, शेवगा आणि कढीपत्ता एकदा जीव धरल्यावर फारशी देखभाल मागत नाहीत. परंतु जानेवारीत लावलेला दुधीचा वेल मे महिन्यात कोणाच्या भरवशावर सोडावा? शाळेलगतच्या घरांतील मुलांनी सांजसकाळ पाणी घालावे आणि सुट्टीतल्या दुध्यांवर त्यांचाच हक्क राहील, असा करार मुख्याध्यापकांनी परीक्षेपूर्वीच करून ठेवावा.