दांडीहून अशेरीकडे: नवख्या साथीदारासह दोन दिवसांची वाट निवडताना

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या दक्षिणेस वसलेल्या दांडी या मच्छीमार गावातून पूर्वेकडे पाहिले की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी डोंगरांची निळसर रांग दिसते. परंतु या गावातील बहुतेकांचे चालणे वाळूवरचे, चिखलातले आणि होडीच्या फळ्यांवरचे असल्याने त्या रांगेतील गड पाहिलेली माणसे येथे थोडीच आढळतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा, सुट्टीच्या दिवशी गडकिल्ले हिंडणारा तरुण आणि त्याचा दांडीतील मासेमारी करणारा मित्र अशी जोडी पाठीवर बिऱ्हाड घेऊन दोन दिवस डोंगरात जाण्याचे ठरवते, तेव्हा त्यांतील दुसऱ्याला नवखा म्हणणे अर्धेच खरे असते. ओझे उचलणे, दोर हाताळणे, वारा ओळखणे आणि रात्र उघड्यावर काढणे यांत तो पहिल्यापेक्षा सरस असतो. त्याला सवय नसते ती सलग चढाची, आणि त्याहूनही अधिक, थकल्या पायांनी कराव्या लागणाऱ्या उताराची. वाट निवडण्याचे काम या भेदावर उभे राहते, म्हणून ते काम कसे चालते हे जवळून पाहण्याजोगे आहे.

पहिला निर्णय गडाचा नसून दिवसाचा असतो. कारखान्यातील माणसाची साप्ताहिक सुट्टी ठरलेली असते, तर मच्छीमाराची सुट्टी चंद्राच्या कलेप्रमाणे येते. डोल, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून रोवले जाणारे पिशवीसारखे जाळे, ज्या घरांचा आधार आहे त्यांना अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या जोरकस प्रवाहात काम असते. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार मंदावतो, त्या दिवसांना भांग म्हणतात, आणि तेव्हा थोडी उसंत मिळते. सरकारी मासेमारीबंदीचा काळ मोकळा असतो खरा, पण तो १ जून ते ३१ जुलै असा ऐन पावसाळ्यात येतो, त्या वेळी शेवाळलेल्या कातळावर नवख्याला नेणे हा अविचार होय. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत भांगाला लागून येणारा शनिवार शोधावा लागतो. त्यातही शुद्ध अष्टमीचा पंधरवडा घ्यावा, कारण शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळीच माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे मुक्कामाची मांडामांड, स्वयंपाक आणि टाक्यावरची फेरी चांदण्यात उरकते. वद्य अष्टमीला तोच चंद्र मध्यरात्री उगवतो आणि गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही. हे गणित दांडीतल्या मित्राला पंचांग न उघडता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा, हा किनाऱ्यावरचा हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. तिथीचा निर्णय म्हणूनच नवख्या मानल्या गेलेल्या साथीदाराकडे सोपवावा, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते. ज्याने तारीख ठरवली तो त्या वाटेचा भागीदार होतो, मागून फरफटत येणारा पाहुणा राहत नाही.

यानंतर गडांची चर्चा होते. सोपा म्हणून प्रथम किनाऱ्याचाच मार्ग पुढे येतो. दांडीहून दक्षिणेला सातपाटी, शिरगाव, माहीम, केळवे अशी गावे आणि किल्ले ओळीने लागतात. परंतु मध्ये खाड्या येतात, आणि सपाट दिसणारी ही वाट भरतीच्या वेळेशी बांधलेली असल्याने चालणाऱ्याला स्वतःच्या गतीने चालू देत नाही. शिवाय मित्राला हवा असतो डोंगर. सफाळ्याजवळचा तांदुळवाडी एका दिवसात होण्याजोगा म्हणून मागे पडतो. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीतून चढला जाणारा काळदुर्ग चौकोनी कातळमाथ्यामुळे लांबूनही ओळखू येतो, पण तेथे मुक्कामाची सोय नाही. वाडा-मनोर रस्त्यावरील वाघोटे गावातून कोहोजला जाता येते. पठारावर पाण्याची टाकी आहेत आणि वाऱ्यापावसाने झिजून माणसाच्या आकाराचा झालेला सुळका पाहण्यासारखा आहे, मात्र दांडीहून तेथवर पोहोचायला वाहने अधिक बदलावी लागतात. उरतो अशेरी. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या खोडकोना गावातून त्याची वाट निघते आणि बोईसरहून चिल्हार फाट्यामार्गे महामार्ग गाठता येतो. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास तो पोर्तुगिजांकडे गेला, त्यांच्या राजचिन्हाचा कोरीव दगड आजही वर पाहता येतो, आणि ज्या उत्तर कोकण मोहिमेत १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला व पुढे वसई मराठ्यांच्या हाती आली त्याच मोहिमेच्या काळात अशेरीही मराठ्यांकडे आला. माथ्यावरील अशेरीदेवीची गुहा मुक्कामाला पुरते आणि खडकात खोदलेल्या टाक्यांत पिण्याचे पाणी असते.

अनुभवी साथीदाराचा मोह येथे जागा होतो. शनिवारी काळदुर्ग आणि रविवारी अशेरी असे दोन गड जोडण्याची कल्पना नकाशावर सुरेख दिसते. मात्र ती नाकारली पाहिजे, कारण दोन दिवसांच्या वाटेचा खरा कस दुसऱ्या दिवशीच्या उतारावर लागतो. चढताना दम लागतो आणि थांबले की तो बसतो. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांची ओढ दुसऱ्या दिवशी वाढते, आणि वाळूवर चालून पिंढऱ्या पोलादासारख्या झालेल्या माणसाचेही गुडघे घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या निसरड्या उतारावर, थरथरू लागतात. काळदुर्गाचा उपयोग वेगळ्या रीतीने करता येतो. मुख्य बेताच्या आधीच्या एखाद्या मोकळ्या दिवशी, मुक्कामाला न्यायचे तेवढेच वजन पाठीवर घेऊन तो चढून-उतरून पाहावा. वाघोबा खिंडीत परिसरातील आदिवासींच्या वाघोबाचे स्थान आहे. तेथे हात जोडून वाट धरायची आणि खिंडीत परतेपर्यंत घड्याळावर नजर ठेवायची, एवढ्याने पुष्कळ कळते. चढाईला लागलेल्या वेळापेक्षा उतरताना शेवटच्या अर्ध्या तासात पाऊल कसे पडते, बूट कोठे चावतो, सॅकचा पट्टा खांद्यावर रुततो की कमरेवर बसतो, हे पाहणे अधिक मोलाचे असते. होडीवर अनवाणी वावरणाऱ्या पायाला नवा बूट त्या दिवशी कळतो, आणि तो तेव्हाच कळलेला बरा.

वेळेचा हिशेब मांडताना स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये दिलेला नियम अजूनही पायाभूत मानला जातो. त्याच्या मते सुमारे पाच किलोमीटर चालीला एक तास धरावा आणि प्रत्येक ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास मिळवावा. अशेरीचा पायथ्यापासूनचा चढ चारशे मीटरच्या आसपास धरला तर केवळ चढापोटी चाळीस मिनिटे वाढतात आणि एकूण हिशेब दीड तासाच्या जवळ येतो. हा आकडा थंड हवेतील सराईत माणसाचा आहे. कोकणातील दमट दुपार, पाठीवरचे ओझे आणि नवखा साथीदार धरून तो दुप्पट करावा, आणि दुप्पट केल्याबद्दल कोणी लाजू नये. पायथ्याच्या पाड्यावर मिळणारे उत्तरही याच नजरेने ऐकायचे असते. गावकरी जी वाट पाऊण तासाची म्हणतो ती त्याच्या पायांची पाऊण तासाची असते. विचारण्याचीही रीत आहे: “दादा, गडाची वाट हीच ना?” असे विचारले तर भिडेखातर होकार मिळू शकतो, म्हणून “दादा, गडावर कुठून जायचं?” असे विचारावे आणि तो हात कोणत्या दिशेला करतो ते पाहावे. पावसाळ्यानंतर गवत पुरुषभर उंच असते, त्यात गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा मूळ पायवाटेइतक्याच ठळक दिसतात. पहिल्या मुक्कामी बेतात गावातला वाटाड्या मोबदला देऊन सोबत घेणे हेच शहाणपणाचे.

पाण्याचा प्रश्न वजनाचा प्रश्न असतो, कारण लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझे. माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरले तर दोन दिवसांचे पाणी एकट्यानेच सॅक भरून टाकील. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नवख्याने घेऊ नये या सर्वमान्य मर्यादेचा मोठा हिस्सा त्यातच संपतो. अशेरीच्या माथ्यावर टाकी असल्याने चढाईपुरते पाणी न्यायचे, वर पोहोचल्यावर गाळून, उकळून भरून घ्यायचे आणि खाली येताना पुन्हा हलके व्हायचे, अशी सोय होते. ही सोय आणखी एका कारणाने निर्णायक ठरते. माथ्याखाली एक कातळटप्पा आहे, म्हणजे पायवाट तुटून सरळ खडकाला हात घालावा लागतो अशी जागा. पूर्वीच्या पायऱ्या तेथे उरलेल्या नाहीत आणि आता लोखंडी शिडीचा आधार आहे. पाठीवर चार किलो कमी असणे म्हणजे त्या जागी तोल सावरणे.

कातळटप्प्यावरून सगळे वेळापत्रक उलटे मांडले जाते, आणि ही उलटी मांडणी दांडीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. खाडीच्या तोंडाशी पुरेसे पाणी नसेल तर होडी आत घेता येत नाही, म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, निघण्यापूर्वीच परतीची भरती मोजतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुक्कामाची जागा आणि पाणी उजेडात पाहायचे तर पाचपर्यंत गुहेत असावे, त्यासाठी कातळटप्पा साडेतीनला पार व्हावा, म्हणून खोडकोना साडेबाराच्या आत सोडावे. साडेतीनपर्यंत टप्पा गाठता आला नाही तर मागे फिरून पायथ्याच्या गावात मुक्काम करायचा, आणि हा करार घरी बसूनच व्हावा लागतो. थकलेल्या अवस्थेत, माथा डोळ्यांसमोर असताना नवखा माणूस “चालेल मला” म्हणतो, कारण त्याला मित्राचा हिरमोड नको असतो. त्या शब्दावर विसंबणारा अनुभवी माणूस आपल्या अनुभवाचा उपयोग करीत नसतो.

रविवारी उतरताना कामाची वाटणी बदलते. सकाळी उन्हे तापण्यापूर्वी कातळटप्प्यावर यायचे, दोघांनी रिकाम्या पाठीने शिडी उतरायची, आणि सॅक दोराने खाली सोडायच्या. नवखा शिडीकडे तोंड करून उतरतो, अनुभवी त्याच्या आधी खाली जाऊन पाय कुठे ठेवायचा ते सांगत राहतो. दोराची गाठ मात्र दांडीच्या माणसाने मारलेली असावी. ओल्या दोरावर टिकणारी आणि हवी तेव्हा झटक्यात सुटणारी गाठ त्याच्या बोटांत असते, आणि शिडीपाशी सॅक सोडताना दोर किती ढिला द्यायचा हे त्याला हाताला लागणाऱ्या ओढीवरून कळते. टप्पा संपल्यावर चालण्याचा क्रमही फिरवावा; नवख्याला पुढे घालून त्याच्या पावलाने उतरावे, म्हणजे खोडकोन्यात दुपारच्या आत पोहोचता येते आणि बोईसरचे वाहन हुकले तरी दुसऱ्याची वाट पाहण्याइतका दिवस हाताशी राहतो.