कांदळवनातील फळे : पोषणमूल्य व उपजीविका

महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीस राज्य कांदळवृक्ष घोषित केले. तिच्या फळांच्या अन्नमूल्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. याच प्रजातीतील वृक्षांच्या आंबट फळांचे सुंदरबनात लोणचे व चटणी, तर श्रीलंकेत नारळाचे दूध घालून सरबत केले जाते. फळातील क जीवनसत्त्व दीर्घकाळ उकळल्यास घटते. म्हणून मुरंब्यापेक्षा ताजे सरबत सरस ठरते. तिवराच्या बिया पिष्टमय असल्या तरी टॅनिनमुळे कडवट असतात. त्या पाणी बदलून वारंवार उकळाव्या लागतात. किनारपट्टीवरील महिला बचत गटांना असा जोडधंदा शक्य आहे, परंतु संकलनास मर्यादा हवी. सातपुड्यात गळलेली मोहफुले वेचली तरी फळधारणा होतेच. येथे फळाबरोबर बीही जाते.