गंजानें जखडलेलें इंजिन

घरांतील अडकित्ता चार-सहा महिने कोणीं हातीं धरला नाहीं, तर त्याचा खिळा धरून बसतो, हें सर्व गृहिणींच्या परिचयाचें आहे. अशा वेळीं शहाणें माणूस दोन्ही दांडे ओढून ताकद आजमावीत नाहीं. खिळ्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून अडकित्ता रात्रभर फळीवर ठेवून देतें. सकाळीं तो हलूं लागतो. हा अनुभव पदरीं असतांहि आम्हीं वडिलांच्या मोटारसायकलीशीं कसा अविचार केला, आणि पुढें ती चूक कशी सुधारली, तें येथें सांगावयाचें योजिलें आहे. ज्यांच्या पडवींत अगर गोठ्यांत असें एखादें वाहन वर्षानुवर्षें उभें असेल, त्यांस हा मजकूर उपयोगी पडेल असें वाटतें.

आमचे वडील रत्नागिरीजवळच्या एका खेड्यांत डॉक्टर होते. आसपासच्या वाड्यांतून रोगी पाहावयास जाण्यासाठीं त्यांनीं १९६४ सालीं बुलेट मोटारसायकल घेतली. बुलेट हें नांव मूळचें इंग्लंडांतील रेडिचचें, १९३२ सालचें. आपल्याकडे तिचें काम १९५५ पासून मद्रासेस सुरू झालें. वडिलांची गाडी ३४६ घनसेंटिमीटरची, एकाच सिलिंडरची. अपरात्रीं तिचा ठोका ऐकूं आला, कीं आई चुलीवर चहाचें आधण ठेवी. १९९२ मध्यें वडिलांची दृष्टि मंदावली आणि गाडी पडवींत उभी राहिली, ती कायमचीच.

२०१९ च्या वैशाखांत पडवी उतरवून नवी बांधण्याचें ठरलें. आमचे दादा व्यवहारी. त्यांचें म्हणणें, सत्तावीस वर्षें पडलेलें लोखंड भंगारवाल्यास द्यावें आणि मोकळें व्हावें. आई एवढेंच म्हणाली, "ती चालत नाहीं हें कोणीं पाहिलें आहे का?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. अखेर दादांनीं मृग लागेपर्यंतची मुदत दिली. तोंवर इंजिन फिरलें तर गाडी राहील, न फिरलें तर जाईल.

मी आणि माझा पुतण्या त्याच संध्याकाळीं कामास लागलों. किक दगडासारखी घट्ट. "काका, अंगाचा सगळा भार टाका," पुतण्या म्हणाला, आणि मीं खरोखरच दोन्ही पाय तिच्यावर ठेवले. आंत 'कट्' असा आवाज झाला. किकच्या दांतेरी चक्राचा एक दांता तुटला होता; इंजिन मात्र तसूभरहि हललें नव्हतें. शिकल्यासवरल्या माणसाच्या हातून पहिल्या पांच मिनिटांत झालेलें नुकसान तें एवढें. दादा ओटीवरून पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत, हेंच मला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं आधीं विचार केला. पिस्टन गंजला असें आपण बोलण्यांत म्हणतों, पण तें बरोबर नाहीं. या इंजिनाचा पिस्टन ॲल्युमिनियमचा. त्यास तांबडा गंज चढत नाहीं. गंजतें तें बिडाचें सिलिंडर आणि पिस्टनच्या खांचांत बसविलेल्या रिंगा. इंजिन बंद पडतें तेव्हां पुष्कळदां एखादी झडप अर्धवट उघडी राहते. तिच्या वाटेनें कोंकणांतील दमट हवा सत्तावीस पावसाळे आंत शिरत होती. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. आणि पिस्टन व सिलिंडर यांमधील फट तर मिलिमीटरच्या शतांशांत मोजावयाची. त्या फटींत फुगलेला गंज पाचरीसारखा ठोकला जातो. शिवाय ॲल्युमिनियम आणि बीड ओलाव्यांत एकमेकांस भिडले म्हणजे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, तीहि पाचरीचेंच काम करते.

एवढें कळल्यावर जोर करणें व्यर्थ कां, हें निराळें सांगावयास नको. जोर पाचरीवर न पडतां किकच्या दांत्यांवर, कनेक्टिंग रॉडवर आणि पिस्टनच्या पातळ कडांवर पडतो, आणि जें निरोगी असतें तेंच आधीं मोडतें. खरें काम तेलाचें. तें केसाएवढ्या फटींतून उतरून गंजाचे कण सुटे करतें. मात्र तें आपल्या गतीनें उतरतें, आपल्या नव्हे तर त्याच्या सवडीनें.

आम्हीं पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली, प्लग काढला, आणि हेड उतरविलें. आंत पिस्टन मध्यावर थांबलेला दिसला. ही सुदैवाची गोष्ट. कारण तो अगदीं वर किंवा अगदीं तळाशीं अडकला असता, तर रॉड सरळ रेषेंत येऊन कितीहि दाबलें तरी क्रँक फिरती ना. पिस्टनवर आम्हीं मोटारींच्या गिअरपेटींत घालतात तें पातळ तांबडें तेल आणि ॲसिटोन समभाग मिसळून दोन बोटें उंच ओतलें. ॲसिटोनमुळें तेल पातळ होऊन बारीक फटींत शिरतें. पण तें झपाट्यानें उडून जातें आणि त्याची वाफ क्षणांत पेट घेते; म्हणून सिलिंडरवर झांकण ठेवलें, दारें उघडीं टाकलीं आणि पडवींत समई, काडी, विडी यांस मज्जाव केला.

आंत एक काडी उभी करून तिच्यावर तेलाच्या पातळीची खूण केली. पहिले दोन दिवस खूण जागची हलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं पातळी नखभर उतरली. तेल रिंगांच्या पलीकडे पोंचल्याची ही पहिली साक्ष. आम्ही रोज पुन्हां भर घालीत होतों. मधल्या काळांत पिस्टनच्या वरचा सिलिंडरचा भाग तेलांत भिजविलेल्या बारीक पॉलिश कागदानें घांसून स्वच्छ केला; कारण तेथला गंज तसाच ठेवला, तर सुटलेला पिस्टन वर जातांना त्याच कंगोऱ्यांत पुन्हां अडकावयाचा.

सातव्या दिवशीं मिश्रण पूर्ण टिपून घेतलें, ॲसिटोनचा वास जाऊं दिला, आणि मग उकळत्या पाण्यांत भिजविलेलीं फडकीं सिलिंडरभोंवतीं गुंडाळलीं. बाटलीचें घट्ट झांकण ऊन पाण्यांत धरतात, त्यांतलाच हा प्रकार. बाहेरचें बीड आधीं तापून किंचित् पसरतें; पुढें निवतांना ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट आक्रसतें. या ओढाताणींत गंजाची पकड ढिली होते. नंतर पुन्हां नुसतें तेल ओतलें. असें तीन दिवस चाललें.

अकराव्या दिवशीं गावांतील सुतारानें फणसाच्या लांकडाचा एक गट्टू करून दिला, सिलिंडरच्या ७० मिलिमीटर व्यासाहून किंचित् लहान. तो पिस्टनवर ठेवून लांकडी हातोडीनें हलके ठोके द्यावयाचे आणि त्याच वेळीं गाडी चौथ्या गिअरांत घालून मागचें चाक पुढेंमागें झुलवावयाचें, असा बेत होता. वरच्या गिअरांत चाकाचा जोर क्रँकपर्यंत अधिक पोंचतो. गट्टू धरावयास मी, ठोके द्यावयास पुतण्या. चाकास माणूस उरलें नाहीं. तेव्हां दादा धोतर सांवरून पायरी उतरले आणि न बोलतां चाक धरून बसले.

दहा-बारा ठोक्यांनंतर दादाच म्हणाले, "थांबा. हाताला कांहीं लागलें." आम्हीं गट्टू काढून पाहिलें. पिस्टन तांदुळाच्या दाण्याएवढा खालीं सरकला होता, आणि त्याच्या कडेनें चहाच्या रंगाचें तेल वर आलें होतें. या क्षणीं हर्षानें जोर वाढविण्याचा मोह होतो, तो आवरावा. आम्हीं तेल घालून चाक उलट फिरविलें, पिस्टन तेवढाच वर आणला, पुन्हां खालीं नेला. दाण्याचें बोट झालें, बोटाचे चार बोटें. सूर्यास्तापूर्वीं क्रँकचा एक पूर्ण फेरा झाला. मृगास अजून आठ दिवस होते.

तथापि इंजिन फिरलें म्हणजे तें बरें झालें, असें नव्हे. तसेंच सुरू केलें असतें, तर गंजाच्या चुऱ्यानें सारें घांसून टाकलें असतें. म्हणून झिरपलेलें घाण तेल तळांतून काढून टाकलें आणि सिलिंडर उतरविलें. भिंतीवर गंजाचे खड्डे होते, रिंगा खांचांत चिकटलेल्या. त्यांतली एक काढतांना मोडली. सिलिंडर बोअर करून घ्यावें लागलें, आणि त्या मापाचा मोठा पिस्टन व किकचें चक्र नवें घातलें. परंतु रॉड सरळ राहिला, क्रँक आणि बाहेरचें कवच अभंग राहिलें. पहिल्या दिवसाच्या वृत्तीनें हातोडा चालविला असता, तर हीं वांचलीं नसतीं.

ज्यांचें वाहन नुकतेंच उभें राहिलें आहे, त्यांनीं हा सारा खटाटोप सहज टाळावा. प्लग काढून आंत चमचाभर इंजिनाचें तेल सोडावें व चाक फिरवून तें पसरूं द्यावें. दोन्ही झडपा मिटलेल्या राहतील अशा ठिकाणीं, म्हणजे किक जड लागते तेथें, इंजिन थांबवावें. धुराच्या नळीच्या तोंडांत तेलकट फडक्याचा बोळा बसवावा, आणि महिन्यांतून एकदां इंजिन हातानें फिरवावें. अर्ध्या घटकेचें काम आहे.

दिवाळींत गाडी सुरू झाली. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरांतून बाहेर आली नाहीं. आम्ही आंत जाऊन पाहतों, तों तिनें चहाचें आधण ठेवलें होतें.