गुन्हा प्रोसेसरचा, आळ ग्राफिक्स कार्डावर

गेम सुरू केला, शेडर तयार होत असल्याची पट्टी अर्ध्यावर आली आणि पडद्यावर संदेश झळकला: व्हिडिओ मेमरी संपली. कार्डावर 24 जीबी मेमरी, गेमला लागणार त्याच्या निम्मी. मग संपली कशी? इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे महागडे डेस्कटॉप प्रोसेसर घेतलेल्या अनेक गेमर्सना 2023-24 मध्ये या प्रश्नाने छळलं. संशय अर्थातच ग्राफिक्स कार्डावर गेला. ड्रायव्हर बदलून झाले, विंडोज नव्याने टाकून झाली. शेवटी एप्रिल 2024 मध्ये कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानेच अशा ग्राहकांना सांगितलं, की इंटेलकडे चौकशी करा.

त्या खोट्या संदेशामागची गोष्ट मोठी मजेदार आहे. प्रकाश, सावली, पाण्याची चमक कशी दिसावी हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. अनरिअल इंजिनवर बनलेल्या गेममध्ये ते ‘ऊडल’ नावाच्या तंत्राने दाबून साठवलेले असतात आणि उलगडायचं काम प्रोसेसर करतो. हे काम म्हणजे पैसा न पैसा जुळल्याशिवाय वही मिटू न देणारा जुन्या पेढीवरचा दिवाणजी. एक बिट चुकला, तरी पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो आणि चूक लगेच पकडली जाते. तीच चूक एखाद्या चित्राच्या रंगात झाली असती, तर एक ठिपका किंचित फिका दिसला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ऊडल बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने दोष हार्डवेअरमध्ये असल्याचं स्पष्ट केलं होतं. गेमचं इंजिन मात्र फसलेल्या कामाचं खापर व्हिडिओ मेमरीवर फोडून मोकळं होत होतं. काम कुठे अडलं एवढंच क्रॅशच्या संदेशातून कळतं. ते कुणामुळे अडलं, हे शोधायचं काम आपलंच.

प्रोसेसरला प्रत्येक वेगासाठी एक किमान व्होल्टेज लागतं. चिप जुनी होते तशी ही गरज हळूहळू वाढते, पण सहसा इतकी सावकाश, की चिप बिघडण्याआधी आपणच नवा संगणक घेतो. इथे मात्र ती महिन्यांतच वाढली. इंटेलने जुलै 2024 मध्ये मान्य केलं, की मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या, चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरमध्ये नेमकी जागाही सांगितली: प्रोसेसरच्या गाभ्यातल्या (कोअर) सगळ्या भागांना एका तालात ठेवणारे घड्याळी ठोके पोचवणारं सर्किट. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांनी ते झिजत होतं, ठोक्यांचं प्रमाण बिघडत होतं.

आणि हे व्होल्टेज चढत होतं ते हलक्या कामाच्या वेळी! सगळे गाभे एकदम राबतात तेव्हा विजेच्या मर्यादेमुळे वेग आपोआप खाली येतो. एक-दोनच गाभे जागे असले, की वेग सहा गिगाहर्ट्झपर्यंत उसळी घेतो आणि त्यासाठी सर्वांत जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून तासभर ताणाची चाचणी निमूट पार करणारा संगणक गेम उघडताच कोसळू शकतो. ‘चाचणीत पास झाला, म्हणजे प्रोसेसर ठणठणीत’ हा दुकानदारांचा आवडता निष्कर्ष इथे कुचकामी ठरतो.

ऑगस्ट आणि सप्टेंबर 2024 मध्ये आलेले नवे मायक्रोकोड पुढची झीज रोखण्यासाठी आहेत, झालेली झीज ते भरून काढत नाहीत. शिवाय ते मदरबोर्डच्या बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून, येतात आणि बायोस अपडेट करण्याच्या भानगडीत आपल्याकडे फारसं कुणी पडत नाही.

तुमचा संगणक वारंवार बंद पडत असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डोकवा. ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद पाहून लोक थेट पॉवर सप्लाय बदलायला धावतात; तिचा अर्थ इतकाच, की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. ‘व्हिया-लॉगर’ची नोंद जास्त बोलकी, कारण ती हार्डवेअरनेच कळवलेली चूक असते. रॅमला वाढीव वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद करून मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि क्रॅश थांबले, तर कशामुळे थांबले ते कधीच कळत नाही.

आणि प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतला असेल, तर बायोसमध्ये त्याच्या मोठ्या गाभ्यांचा (पी-कोअर) वेग ठरवणारा गुणक दोन-तीन अंकांनी खाली आणून पाहा, म्हणजे 55 चा 53. वेग दोनशे मेगाहर्ट्झने घटेल, खेळताना जाणवणारही नाही. तेवढ्याने क्रॅश थांबले, तर ग्राफिक्स कार्ड विकायला काढू नका. इंटेलने खोक्यासह विकलेल्या या प्रोसेसरांची वॉरंटी तीनवरून पाच वर्षांवर नेली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये अगदी पहिल्या खेपेत घेतलेल्यालाही ऑक्टोबर 2027 पर्यंत तो बदलून मागता येतो. खोक्याविना सुटा घेतला असेल, तर मात्र आधी दुकानदाराला गाठावं लागेल.