साखर कारखान्याचे व्यवस्थापन

ऊस, यंत्रसामग्री, मनुष्यबळ आणि भांडवल या साधनांचे नियोजन, संघटन, समन्वय व नियंत्रण करून साखरेचे किफायतशीर उत्पादन साधण्याची प्रक्रिया. व्यवसाय व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण तत्त्वांचाच हा एक उपयोजित भाग होय. तथापि महाराष्ट्रात सहकारामुळे त्यास स्वतंत्र रूप प्राप्त झाले आहे. खाजगी उद्योगात कच्चा माल पुरविणारा, भांडवल गुंतविणारा व संचालक नेमणारा हे सामान्यतः वेगवेगळे घटक असतात. सहकारी कारखान्यात ऊसउत्पादक सभासद या तीनही भूमिका पार पाडतो. पुरवठादार या नात्याने उसाला अधिकात अधिक दर मिळावा, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. मालक या नात्याने कारखान्याजवळ पुरेशी गंगाजळी शिल्लक राहावी, यातच त्याचे हित असते. व्यवस्थापनापुढील बहुतेक पेच या दुहेरी नात्यातून उद्भवतात.

महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर (अहमदनगर–विद्यमान अहिल्यानगर–जिल्हा) येथे उभा राहिला. अर्थशास्त्रज्ञ ⇨ धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे मार्गदर्शन व वैकुंठलाल मेहता यांचे साहाय्य त्यास लाभले होते. १९५० च्या अखेरीस तेथे गाळपास प्रारंभ झाला. त्यानंतरच्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यात वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे व पंचगंगेच्या काठी रत्नाप्पा कुंभार यांनी कारखाने उभारले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये या कारखान्यांचा कारभार चालतो. ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व असल्याने अर्ध्या एकराचा धनी आणि पन्नास एकरांचा बागायतदार यांचे मत सारखेच मोजले जाते.

गगनबावडा परिसर : कारखान्याचे व्यवस्थापन भूगोलावर किती अवलंबून असते, याचे बोलके उदाहरण म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा तालुक्याकडे पाहता येते. सह्याद्रीच्या माथ्यावरील हा छोटा तालुका राज्यातील अतिपर्जन्याच्या प्रदेशांपैकी एक आहे. कुंभी नदी येथेच उगम पावून पंचगंगेस मिळते. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात राज्यकारभाराबरोबरच साहुकार व व्यापार यांचाही विचार केलेला आहे, हे व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तालुक्यातील वेसरफ-पळसंबे येथे पद्मश्री डॉ. डी. वाय. पाटील सहकारी साखर कारखाना आहे. पूर्वी जेथे भात व नाचणी हीच मुख्य पिके होती, त्या डोंगरउतारांवर आणि नदीकाठच्या पट्ट्यांत पाण्याची सोय होत गेली, तसतसा ऊस पसरला.

सखल व सपाट शिरोळ भागातील कारखान्याचे वेळापत्रक अशा प्रदेशास जसेच्या तसे लागू पडत नाही. पाऊस लांबला की शेतांत वाफसा येण्यास उशीर होतो. वाफशाखेरीज ट्रॅक्टर आत उतरू शकत नाही आणि तोडलेला ऊस डोक्यावरून बांधापलीकडे आणावा लागतो. शेतांचे तुकडे लहान, वाटा चढउताराच्या. त्यामुळे मैदानी भागात सोयीची ठरणारी ऊसतोडणी यंत्रे येथे मर्यादित प्रमाणातच उपयोगी पडतात. घाटाखालील वैभववाडी परिसरातील (सिंधुदुर्ग जिल्हा) ऊसही वर चढून या बाजूस येतो. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाटाचा रस्ता नूतनीकरणासाठी बंद करण्यात आला आणि वाहतूक अन्य घाटांकडे वळवावी लागली. ऐन हंगामात असा एक रस्ता बंद होणे म्हणजे इंधनाचा खर्च, वाहनांच्या खेपा, तोडणीची पाळी आणि उसाचा ताजेपणा ही सारी गणिते एकाच वेळी विस्कटणे होय.

उत्पादनकार्याचे नियोजन : ऊस तोडताक्षणी त्यातील साखरेचा ऱ्हास सुरू होतो. स्फटिकरूपाने मिळू शकणाऱ्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत रूपांतर होऊ लागते, वजनही घटते. म्हणून तोडणीपासून शक्यतो चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा लागतो. कापड गिरणी महिनाभराचा कापूस गोदामात साठवू शकते. साखर कारखान्यास दुसऱ्या दिवसापुरताही साठा परवडत नाही. याउलट गव्हाण रिकामी राहिली, तर बाष्पित्राचे इंधन व कामगारांचे वेतन चालूच राहते आणि बंद पडलेली यंत्रे पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो. थोडक्यात, ऊस वाट पाहू शकत नाही आणि कारखानाही थांबू शकत नाही.

दिवसास २,५०० टन गाळपक्षमतेचा कारखाना १६० दिवस चालला, तर त्याला सुमारे ४ लाख टन ऊस लागतो. हेक्टरी ८० टन उत्पादन धरल्यास रोज सु. ३१ हेक्टरांवरील तोडणी पूर्ण व्हावी लागते, तीही शेकडो लहान तुकड्यांमधून. एक तास गाळप थांबले, तर शंभरावर टन ऊस वाहनतळावर वाळत उभा राहतो. हा मेळ घालण्याचे काम शेती विभाग करतो. लागणीच्या वेळीच उसाची नोंद होते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा या प्रकारांनुसार, तसेच उसाची जात व लागणीची तारीख पाहून तोडणीचा क्रम ठरतो. गावोगावच्या गट कार्यालयांतील कर्मचारी आणि चिठ्ठ्या देणारे ‘चिटबॉय’ तो प्रत्यक्षात उतरवितात. कागदावर हा क्रम शास्त्रीय असतो. व्यवहारात मात्र ओळखीपाळखी, भाऊबंदकी आणि संचालकांचा शब्द यांमुळे तो मोडण्याचा संभव असतो. ज्याची पाळी चुकली, त्याच्या शेतात उसाला तुरे येतात, वजन घटते आणि खोडव्यालाही उशीर होतो. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने कारखान्याचे व्यवस्थापन चांगले की वाईट, हे ताळेबंदावरून ठरत नाही, तर तोडणीची चिठ्ठी वेळेवर मिळाली किंवा नाही यावरून ठरते.

तोडणीचे काम मुख्यतः बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या कामगारांवर अवलंबून असते. कोल्हापूर जिल्ह्यात स्थानिक टोळ्याही असतात. पतिपत्नीच्या जोडीस ‘कोयता’ हे एकक मानून मुकादमामार्फत हंगामापूर्वी उचल दिली जाते. ही उचल कामगाराला कर्जात बांधते. दुसरीकडे उचल घेऊन टोळी न आल्यास वाहनमालक व कारखाना यांची रक्कम बुडते. कामगार कोणाचा–कारखान्याचा, वाहतूकदाराचा की मुकादमाचा–हा प्रश्न दीर्घकाळ संदिग्ध ठेवण्यात आला. त्याची किंमत मुख्यतः कामगारांनी, विशेषतः स्त्रियांनी व त्यांच्याबरोबर फडावर येणाऱ्या मुलांनी मोजली आहे.

कारखान्याच्या कार्यक्षमतेचे प्रमुख माप म्हणजे साखर उतारा, अर्थात गाळलेल्या उसाच्या वजनाशी मिळालेल्या साखरेचे शेकडा प्रमाण. वरील उदाहरणातील ४ लाख टन गाळपात उतारा अवघ्या ०·१ टक्क्याने वाढला, तर ४०० टन साखर अधिक मिळते. कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात परंपरेने वरचढ राहिला आहे. हवामान व जमीन यांचा त्यात मोठा वाटा आहे; म्हणून केवळ उताऱ्याच्या आकड्यावरून दोन विभागांतील व्यवस्थापनांची तुलना करणे फसवे ठरते.

अर्थव्यवस्थापन : ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत चुकती करावी लागते, विलंब झाल्यास द.सा.द.शे. १५ व्याज देय होते. २००९ पासून किमान वैधानिक किमतीऐवजी ‘रास्त व किफायतशीर दर’ केंद्र शासन ठरविते. २०२५–२६ च्या हंगामासाठी १०·२५ टक्के उताऱ्यास हा दर क्विंटलला ३५५ रु. ठरविण्यात आला. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक यांचा खर्च त्यातून वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्यास मिळते. साहजिकच हा खर्च खरोखर किती झाला, याविषयी सभासदांच्या मनात शंका राहते आणि वार्षिक सभांत त्यावर खडाजंगी होते.

या दराने एक टन उसाची किंमत ३,५५० रु. होते. तेवढ्या उसापासून १०२·५ किग्रॅ. साखर मिळते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये ठरविलेल्या किलोस ३१ रु. या किमान विक्रीदराने तिचे मूल्य ३,१७७ रु. ५० पैसे भरते. बाजारभाव किमान दराहून अधिक मिळू शकतो; तरीही प्रक्रियाखर्च, व्याज व वेतन भागविण्यास उरणारा अवकाश किती अरुंद आहे, हे यावरून स्पष्ट होईल. शिवाय ऊस चारपाच महिन्यांत येतो, साखर मात्र वर्षभर विकली जाते आणि २०१८ पासून तिच्या मासिक विक्रीचा कोटाही केंद्र शासन ठरवून देते. मधल्या काळातील निधी राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांकडून मालतारण कर्जाच्या रूपाने उभा करतात. बँक साखरेच्या पूर्ण मूल्याइतकी उचल देत नाही. जेवढी तूट राहते, तेवढी शेतकऱ्याची देणी थकतात. राज्य शासनाने २०२२ मध्ये हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले व २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. एकरकमी दर मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. परंतु तो पुरविण्याची क्षमता कारखान्यात निर्माण करण्याचा प्रश्न न्यायालयाच्या निर्णयाने सुटत नाही. तो व्यवस्थापनाचाच राहतो.

संघटन : धोरण ठरविणे हे निर्वाचित संचालक मंडळाचे आणि ते अंमलात आणणे हे कार्यकारी संचालकाचे काम, अशी विभागणी आहे. त्याच्या हाताखाली मुख्य अभियंता, मुख्य रसायनज्ञ, मुख्य शेती अधिकारी आणि मुख्य लेखापाल असे विभागप्रमुख असतात. मुख्य अभियंत्यास गाळपाचा वेग हवा असतो, रसायनज्ञास पक्व व स्वच्छ ऊस, तर शेती अधिकाऱ्यास पाळीप्रमाणे तोड. या तिन्ही मागण्या एकाच दिवशी पूर्ण होणे दुर्मीळच. त्यांत तोल साधणे हे कार्यकारी संचालकाचे खरे कसब असते. अध्यक्ष दैनंदिन कामात लक्ष घालू लागले की हे पद नावापुरते उरते. कर्तबगार अध्यक्षांनी स्वतः लक्ष घालूनच अनेक कारखाने नावारूपास आणले, हेही तितकेच खरे. मात्र त्यांच्या पश्चात ती घडी टिकली नाही, अशीही उदाहरणे आहेत.

व्यूहरचना व परिवर्तन : १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला. १९८४ च्या आदेशाने बांधून दिलेली कार्यक्षेत्रेही त्याच दशकात मोकळी झाली होती. दोन कारखान्यांमधील हवाई अंतराची अट (महाराष्ट्रात २५ किमी.) राहिली, तरी शेतकरी अधिक दर देणाऱ्या कारखान्यास ऊस घालू शकतो. सभासद हा तोवर हक्काचा पुरवठादार होता. आता त्याला दरवर्षी नव्याने जिंकावे लागते. २०१३ मध्ये लेव्ही साखरेची सक्ती संपली. केवळ साखरेवर तगणे कठीण, हे ध्यानी आल्याने कारखाने उपपदार्थांकडे वळले. उसाच्या वजनाच्या सु. तीस टक्के इतक्या चोथ्यापासून (बगॅस) वीज, मळीपासून मद्यार्क व इथेनॉल आणि गाळ-मळीपासून (प्रेसमड) खत मिळते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. तथापि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध घातले; ते पुढील वर्षी उठविण्यात आले. कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्या कारखान्यास शासनाच्या धोरणातील असा बदल बाजारातील मंदीइतकाच महाग पडू शकतो.

कर्जबाजारी झालेले काही कारखाने भाडेतत्त्वावर चालविण्यास देण्यात आले, तर काहींची बँकांनी विक्री केली. अशा परिवर्तनात यंत्रे व इमारती यांचे मूल्यांकन करता येते. सभासदाच्या मताचे मूल्य मात्र कोणत्याही अहवालात मांडलेले नसते. खाजगी चालकाकडून वेळेवर दर मिळाल्याने समाधानी झालेला सभासद, आपल्या आजोबांनी भाग घेऊन उभारलेल्या कारखान्याच्या दारात आता केवळ ऊस विकणारा म्हणून उभा राहतो.

शिक्षण : या उद्योगातील पहिली पिढी अनुभवातून शिकली. साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण कानपूरच्या राष्ट्रीय संस्थेत मिळे. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था ऊसशेती व तंत्रज्ञान यांचे संशोधन व प्रशिक्षण करते. सहकारी संस्थांच्या अधिकाऱ्यांसाठी पुणे येथील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या (१९६२) परिसरातच ‘सायबर’ या नावाने परिचित असलेली छत्रपती शाहू संस्था १९७६ पासून व्यवसाय व्यवस्थापनाचे शिक्षण देत आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांतील पाठ्यपुस्तके दीर्घकाळ मोटारी व पोलाद यांच्या कारखान्यांची उदाहरणे देत आली. ज्या उद्योगात मालकच पुरवठादार आहे, कच्चा माल नाशवंत आहे व पक्क्या मालाची विक्री शासन नियंत्रित करते, त्यास ही उदाहरणे अपुरी पडतात. म्हणून विद्यार्थ्याने हंगामात काही आठवडे गट कार्यालयात, वजनकाट्यावर आणि प्रयोगशाळेत घालविणे उपयुक्त ठरते. गगनबावड्यासारख्या भागात तर पहाटे घाट चढून आलेल्या वाहनांची रांग, तोडणीची तारीख व त्या उसाचा उतारा यांची नोंद एकत्र मांडून पाहिल्यास पुरवठा-व्यवस्थापनाचा संपूर्ण पाठ एकाच तक्त्यात हाती येऊ शकतो.